वीतभर आखूड

"दांड्यानं माणसाकडे यावं, पोरी. माणसाला दांड्याकडे जायला लावलंस, तर त्याची कंबर तुझ्या नावानं रडेल."

हा आवाज दातांत धरलेल्या सुतळीतून यायचा, म्हणून थोडा चेपलेला असायचा. बाप कालव्यावरच्या कुणातरी खणकऱ्यासमोर गुडघ्यावर बसलेला, सुतळीचं एक टोक त्या माणसाच्या टाचेखाली, दुसरं बापाच्या दातांत, आणि गाठ मारायला दोन्ही हात मोकळे. सात-आठ वर्षांची ती लाकडाच्या छिलक्यांत पाय खुपसून बघत बसायची. छातीखाली, दोन्ही बाजूंच्या बरगड्या जिथे येऊन मिळतात त्या खोबणीशी गाठ पडायची. तेवढा फावड्याचा दांडा. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. मग बाप त्या सुतळीला त्या माणसाच्या जुन्या सदऱ्याची चिंधी बांधून ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. माणूस जगेल तोवर त्याची सुतळी तिथेच.

बाप जाऊन वीस वर्षं झाली. भिंत तीच होती, खिळे तेच होते. आता तिला सगळे दांडेवाली म्हणत. कालव्यावर गाळ काढणारी एकोणीस माणसं तिच्याच हातचा दांडा धरत. पानगळ झाली की तुतीच्या फांद्या आणायच्या, छपराखाली सावलीत वाळवायच्या, वाकसानं साल काढायची, रंध्यानं गोल करायच्या आणि शेवटी काचेच्या तुकड्यानं इतकं खरवडायचं, की तान्ह्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा हात फिरला पाहिजे. खरवडताना बापाच्या ओळी आपसूक तिच्या ओठांवर यायच्या:

तुतीच्या फांदी बाई, तुला सावलीत वाळविते
धरील जो हात तुला, त्याच्या छातीशी मापिते

अठरा दांडे होईपर्यंत ती हे गुणगुणायची. एकोणिसावा हातात घेतला की तिचं तोंड मिटायचं.

एकोणिसावा उंटाचा.

उंट म्हणजे कालव्यावरचा सगळ्यांत उंच माणूस. छपरात शिरताना त्याची मान आधी आत यायची, बाकीचा उंट मागून. "वहिनी, दार उंच करा की आता," तो दर हंगामाला तेच म्हणायचा. "नाहीतर मीच एक दिवस ठेंगणा होईन, मग म्हणू नका."

"बघू," ती म्हणायची.

जुना दांडा देऊन नवा न्यायचा, अशी तिथली रीत होती. बापाच्या वेळेपासूनची. जुन्या दांड्याचं शेंडा-बूड कापून हातोड्यांचे, पटाशांचे दांडे व्हायचे, लाकूड वाया जायचं नाही. त्यामुळे नवा आणि जुना शेजारी ठेवून बघायची वेळ कुणावर आली नाही. उंट जुना दांडा कोपऱ्यात टेकवायचा, नवा खांद्यावर टाकायचा आणि आत पडद्याकडे बघून विचारायचा, "झोपलाय का?"

"जागे आहेत."

मग तो आत जायचा. तिच्या नवऱ्याच्या पलंगाशी जमिनीवर मांडी घालून बसायचा, तरी त्याचं डोकं पलंगावरच्या माणसापेक्षा उंच असायचं. दोघं काय बोलायचे? फारसं काही नाही. पाणी किती आलं, अमक्याची गाय व्याली का. नवरा कुशीवर पडून पाचरी तासत असायचा, दांडा फावड्यात घट्ट बसावा म्हणून ठोकायच्या त्या लाकडी पाचरी. चाकूचा खरर-खरर आवाज चालू राहायचा. जाताना उंट त्याला दोन्ही हातांवर उचलून अंगणात उन्हात नेऊन ठेवायचा, लहान पोराला न्यावं तसा. आणि ती बाहेरून बघायची आणि मनात म्हणायची, अपराधी आहे. अपराधी नसता तर कशाला एवढं केलं असतं?

नऊ वर्षांपूर्वी हे दोघं लाकडाच्या वखारीत जोडीनं ओंडके वाहायचे. पुढे उंट, मागे तिचा नवरा. पुढच्याला ढीग दिसत असला तरी खांद्यावरच्या भाराचा तोल मागच्याला कळतो, म्हणून आवाज मागच्यानं द्यायचा. मागचा म्हणायचा, "सोड." मग दोघांनी एका दमात, एकाच बाजूला ओंडका टाकायचा. अकरा वर्षं त्यांनी असे ओंडके टाकले. बाराव्या वर्षी एका सकाळी पुढचं टोक खाली गेलं आणि मागचं खांद्यावरच राहिलं. ओंडक्यानं तिच्या नवऱ्याला पिळलं. ओला कपडा पिळावा तसा.

वखारवाल्यासमोर उंट म्हणाला, "मागून आवाज आला. मग मी सोडलं."

बस्स, एवढंच. चुकीचा आवाज दिला तर ज्याची चूक त्यानं भोगायची, असा वखारीचा नियम होता. त्याच दिवशी नवऱ्याचं नाव हजेरीच्या फळ्यावरून पुसलं गेलं. वखारवाला तिला म्हणाला, "बाई, तुमच्या माणसाचं तोंड त्याच्या खांद्याआधी धावलं." भोवतालची माणसं हसली. ती कपाळावरून पदर ओढून परत आली. घरी नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं विचारलं, "तुम्ही सोड म्हणाला होता का?"

"नाही," तो भिंतीला म्हणाला.

त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. गरजच नव्हती. तिचा माणूस नाही म्हणाला होता.

पाच वर्षं ती हे घेऊन जगली. पाय न हलणाऱ्या माणसाला कूस बदलून देताना, त्याच्या डाव्या तळपायाला चुकून निखारा लागला आणि त्याला कळलंसुद्धा नाही तेव्हा, रात्र-दिवस तिच्या कानात वखारीतलं ते हसू होतं. उंट दरम्यान वखार सोडून कालव्यावर गेला होता. वर्षाच्या वर्षाला दांडा न्यायला यायचा, येताना तुतीच्या फांद्यांचा भारा आणून टाकायचा. आणि सहाव्या वर्षी त्याची सुतळी खिळ्यावरून काढताना तिच्या मनात काही ठरायच्या आत तिच्या बोटांचं ठरलं. नखांनी गाठ सोडवली. तीन बोटं खाली नवी गाठ मारली. जुन्या गाठीच्या जागी सुतळी चुरगळलेली राहिली, फिकट, दुखरी.

पुढच्या वर्षी आणखी तीन बोटं. मग आणखी तीन. यंदा आणखी तीन, म्हणजे पूर्ण वीत.

तिची एकच अट होती, आणि ती तिनं फक्त स्वतःला सांगितली होती. त्यानं एकदा म्हणावं, की आवाज न येताच मी सोडलं. चारचौघांत नको, वखारवाल्यासमोर नको, माझ्यासमोर म्हणाला तरी चालेल. त्या दिवशी गाठ जागेवर जाईल.

*

हंगाम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ती पाचरींची पिशवी आणि लाकडी हातोडा घेऊन कालव्यावर गेली. ओल्या गाळात नवे दांडे ढिले पडतात, ते पुन्हा ठोकून द्यावे लागतात. दिवस ढगाळ होता, दमट. गाळाचा वास नाकाला आंबटसर लागत होता. मुकादमानं प्रत्येकाला दहा-दहा पावलांचा तुकडा आखून दिला होता. तळातला गाळ फावड्यात घ्यायचा, कमरेतून वळायचं आणि काठावर भिरकावायचा. घ्यायचा, वळायचं, भिरकावायचा.

उंट सगळ्यांच्या मागे होता. शेजारच्याचा तुकडा संपत आलेला, ह्याची अजून चार पावलं शिल्लक. त्याच्या पाठीचा धनुष्यासारखा बाक झाला होता. आणि थांबला की सरळ होताना त्याची एक तऱ्हा होती: आधी हात गुडघ्यावर, मग मांडीवर, मग फावड्याच्या टोकावर. शिडी चढावी तसा तो स्वतःच्या अंगावर चढत होता.

"उंट चरायला लागलाय," कुणीतरी म्हणालं.

"चरू दे रे. म्हातारा झाला. कुबड येणारच, उंटच तो."

"म्हातारपण नाही, गादी," दुसरा म्हणाला. "बायकोनं कापसाची मऊ गादी केलीय. माणसानं फळीवर झोपावं."

"ओल बाधली असणार. ओल्या मातीत बसून जेवतो हा."

"अरे, गेल्या साली भावाच्या घरी तांदळाचं पोतं एकट्यानं उचललं नव्हतं का? वळून उचललं. मी तेव्हाच म्हटलं, हा आता मेला."

"विडी सोड आधी," मुकादम काठावरून म्हणाला. "विडीनं हाडं पोकळ होतात. आणि तुकडा संपव. पाणी येणार आहे, तुझ्या कंबरेसाठी थांबायचं नाही ते."

उंट हसला. सगळ्यांच्या सगळ्या कारणांना तो असाच हसत होता, जणू कुणा तिसऱ्याबद्दल चाललंय. दांडेवाली त्याच्याजवळ गेली. "दे इकडे, पाचर बघते."

त्यानं फावडं पुढे केलं. पाचर घट्ट होती. तिनं उगाच दोन ठोके घातले. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. वळताना तो आत ओढायचा आणि भिरकावून झाल्यावर, दात न उघडता, हळूच सोडायचा.

"या वर्षी जरा लहान वाटतो का हो, वहिनी?" त्यानं दांड्यावरून हात फिरवत विचारलं. "का मीच वाढतोय अजून?"

तिचा हातोडा क्षणभर वरच राहिला.

"फावड्याचं नेढं खोल आहे यंदा," ती म्हणाली. "लाकूड आत जास्त बसलंय."

"हां. तेच असेल." त्यानं फावडं घेतलं. "पण हात काय फिरतो वहिनी तुमच्या दांड्यावर. लोण्यासारखा."

परतताना बांधावरून चालता चालता तिच्या पोटात एक गोड कळ उठत होती. तिनं ती दाबली नाही. चिंचोक्यासारखी जिभेखाली धरून ती घरापर्यंत घोळवत आली.

*

महिन्यातून एकदा ती नवऱ्याला हातगाडीवर उशा लावून दवाखान्यात न्यायची. त्या महिन्यात बाकावर तिच्या शेजारी उंट आणि उंटाची बायको बसलेली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सारखं काहीतरी सावरत असणारी बाई. उंट बसला होता म्हणणं बरोबर नाही. एका कुल्ल्यावर टेकला होता आणि दुसरा पाय लांब सोडला होता, रस्त्यात पडलेल्या काठीसारखा.

"कळ पायात उतरते आता," त्याची बायको म्हणाली. "पार घोट्यापर्यंत. मुंग्या येतात म्हणतो."

"डाव्या?" दांडेवालीनं विचारलं.

"डाव्या. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं नवऱ्याकडे बोट केलं. नवरा खाली बघत होता.

समोरच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. वर लिहिलेलं, 'कंबर का दुखते?' खाली सहा चित्रं. वाट बघून कंटाळलेला उंट ती चित्रं मोठ्यानं वाचायला लागला. वाचता त्याला येत होतं, आणि दुखण्यानं त्याची मस्करी अजून मेली नव्हती.

"एक, जड वस्तू कमरेतून वाकून उचलणे. हे वखारीत केलं, आता करत नाही. दोन, तासन्‌तास एका जागी बसणे. हे मुकादमाला सांगा. तीन, वाढलेलं पोट." त्यानं स्वतःच्या सपाट पोटावर थाप मारली. "हे पण मुकादमाचंच. चार, खोलगट बिछाना. काय गं, खोल आहे का आपला?"

"गप्प बस की," बायको म्हणाली.

"पाच, वय झाल्यानं मणक्यांतली गादी झिजणे. हे सगळ्यांचंच होणार. सहा..."

सहाव्या चित्रात एक माणूस आखूड दांड्याचं खोरं घेऊन शेतात दुमडलेला होता. कमरेवर तांबड्या रंगाचा गोळा. खाली ओळ: उंचीला न जुळणारं अवजार.

दांडेवालीच्या मानेमागून पाण्याचा थेंब उतरावा तसं काहीतरी उतरलं. तिनं पदर हातात घट्ट धरला. आता तो वाचणार. आता तो थांबणार, मान वळवणार.

"सहा, उंचीला न जुळणारं अवजार," उंट म्हणाला. "हे तर आपलं नाहीच. माझा दांडा मापाचा आहे. वहिनींनी केलेला." आणि तिच्या नवऱ्याकडे झुकून, "काय रे? सहातलं एकही लागू पडेना. आता मला काय सांगणार डॉक्टरीण?"

नवऱ्यानं मान वर केली. पण तो उंटाकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिच्या मुठीतल्या पदराकडे. मग त्यानंही ते सहावं चित्र पाहिलं, बराच वेळ.

डॉक्टरीण तरुण होती. दार उघडंच असायचं, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. "काय काम करता?" "गाळ काढतो." "वाकून?" "गाळ वर लटकत नाही ना, बाई." मग पाय उचलायला लावलं, बोटांवर टोचून बघितलं. मणक्यांच्या मधली गादी सरकून नस दाबतेय, वर्षानुवर्षं वाकून आणि वळून होतं असं, पट्टा बांधा, तीन महिने फावडं बंद. "तीन महिने बंद केलं तर माझा तुकडा दुसऱ्याला जाईल," उंट म्हणाला. "तुकडा राहील आणि पाय जाईल, चालेल का?" डॉक्टरीण म्हणाली.



*

हंगाम संपायला आठ दिवस असताना उंटाची बायको भर दुपारी छपराशी आली. हातात सहा अंडी, फडक्यात बांधलेली. छिलक्यांवर बसली आणि फडकं सोडत-बांधत राहिली.

"काय झालं?" दांडेवालीनं विचारलं.

"बूट घालता येत नाहीत त्याला. मी घालते. लाजतो, म्हणून दोघं हसतो. आज सकाळी पलंगावरून उठताना मध्येच अडकला. ना वर, ना खाली. मी ओढलं तर ओरडला. कधी ओरडत नाही तो." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. "तुम्ही नऊ वर्षं काढलीत. मला शिकवा ना, माणसाला उठवायचं कसं?"

शीक, दांडेवाली मनात म्हणाली. आता तू शीक.

पण तिनं शिकवलं. छिलक्यांवर स्वतः आडवी झाली आणि दाखवलं. सरळ ओढायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे. मग खांदा आणि ढुंगण एकदम, ओंडका लोळवावा तसं कुशीवर. पाय पलंगाखाली सोडायचे, त्या पायांच्या वजनानंच धड वर येतं. तुझा हात त्याच्या मानेखाली नको, पाठीमागे. आणि तू स्वतः वाकू नकोस, गुडघ्यांतून बस, नाहीतर त्या घरात दोन कंबरा जातील.

उंटाची बायको तिच्या पाठीमागे हात घालून तिला उठवून बसवत होती. तिच्या हातांना साबणाचा वास होता. "असं?"

"असं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला," ती म्हणाली, "वखार सोडून मातीत नको जाऊस. वखारीत मान होता, सावली होती. तर म्हणे, दुसऱ्या कुणाच्या पुढे ओंडका धरणार नाही मी."

धरेल कसा? दांडेवाली मनात म्हणाली. एकाला मोडून झालं होतं.

अंडी तिनं ठेवून घेतली. आत नवरा पाचरी तासत होता, पण चाकूचा आवाज मघापासून बंद होता.

*

पुढच्या हंगामाच्या तोंडावर अठरा दांडे तयार होऊन भिंतीला टेकलेले होते. एकोणिसावी फांदी तिनं अजून उचलली नव्हती. हवा कोरडी, स्वच्छ. छिलक्यांना तुतीचा फिका गोड वास येत होता. दुपारी दारात सावली पडली आणि तिनं सवयीनं मान आत यायची वाट पाहिली.

मान आली नाही. अख्खा उंट एकदमच आत आला. दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागलंच नाही.

"बघा," तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं का, ठेंगणा होईन."

तो ठोकळ्यावर बसला, म्हणजे हात टेकून हळूहळू स्वतःला खाली उतरवलं. कमरेला पट्टा होता, सदऱ्यावरून बांधलेला. मुकादमानं शेवटचं सांगितलं होतं: पहिल्या दिवशी दहा पावलांचा तुकडा सूर्य डोक्यावर यायच्या आत संपवला तर यंदा नाव राहील. नाहीतर दुसरा माणूस ठरलाय. "म्हणून म्हटलं, चांगला दांडा करा. तुमच्या बाबांसारखा. काय म्हणायचे ते? दांड्यानं माणसाकडे यावं."

तिच्या हातातला काचेचा तुकडा बोटात घुसला. तिनं बोट तोंडात घातलं. रक्ताची चव घेत ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढं बाकदार झालेलं अंग, तरी डोळे तसेच होते, वखारीत होते तसे, कुणाचंच वाईट न चिंतणारे. त्या डोळ्यांचाच तिला सगळ्यांत जास्त राग होता.

"एक विचारते," ती म्हणाली. "खरं सांगायचं. मग असा दांडा करून देईन, की तुला वाकायलाच नको."

"विचारा की."

"त्या दिवशी. ओंडका सोडलास तेव्हा. मागून आवाज आला होता?"

पडद्यामागे चाकू थांबला. छपरात आता फक्त एक माशी होती. उंटानं पडद्याकडे पाहिलं. पडदा जुना होता, उन्हात त्याचा विणलेला धागा न्‌ धागा दिसत होता, आणि पलीकडच्या पलंगावरचा एक काळसर उंचवटा. उंटानं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की तिला वाटलं, आता हा उठून जाईल.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "नव्हता आला. मीच आधी सोडलं."

तिला वाटलं होतं, हे वाक्य येईल तेव्हा काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. माशी उडून दांड्यावर बसली.

"वखारवाल्यासमोर खोटं का बोललास?"

"घाबरलो असेन." त्यानं खांदे उडवायचा प्रयत्न केला आणि मध्येच कळ आली. "माझी चूक झाली. नऊ वर्षं... दहा झाली की आता. आता तुम्ही मनात धरू नका. आणि त्याला काही बोलू नका याच्यावरून."

तिनं मान हलवली. जिंकली होती ती. ती उठली, भिंतीवरून त्याची सुतळी काढली. चुरगळलेली जागा बोटांनी चाचपली. इथे. खरी गाठ इथे होती. शब्द दिला होता तो पाळायचा. पण इतक्या वर्षांत माप बदललंही असेल, म्हणून बापासारखी ती गुडघ्यावर बसली, सुतळीचं टोक त्याच्या टाचेखाली घातलं आणि दुसरं दातांत धरलं.

"उभा राहा."

तो शिडी चढला. गुडघा, मांडी, ठोकळ्याची कड.

तिनं सुतळी ताणली. छातीखालच्या खोबणीशी तिची बोटं पोचली आणि तिथे एक गाठ आधीच होती. वीतभर खाली मारलेली. चार वर्षांत तीन-तीन बोटांनी सरकवलेली. बरोब्बर खोबणीत बसली होती. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

"सरळ उभा राहा ना," ती दातांतल्या सुतळीतून म्हणाली. आवाज चेपलेला आला.

"हा सरळच आहे, वहिनी."

तिनं सुतळी सोडली. उद्या ये, म्हणाली. तो आत डोकावला, पलंगावरच्या माणसाला "येतो रे" म्हणाला, आणि यंदा त्याला उन्हात न नेताच गेला. दारातून बाहेर पडताना सवयीनं मान वाकवायला गेला, मग त्याच्या लक्षात आलं, मग हसला.

*

ती पडदा सारून आत गेली. नवरा कुशीवर होता. मांडीवर अर्धी पाचर, चाकू चादरीवर पडलेला.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"तोंडानं कबूल झाला. तुमचं तोंड खांद्याआधी धावलं म्हणाले होते ना? सगळे हसले होते. आता मुकादमाला सांगते, वखारीत जाऊन सांगते." ती पलंगाच्या कडेवर बसली. बोटातून रक्त चादरीवर येत होतं. "आणि तुम्हाला एक सांगायचंय. चार वर्षं झाली. कुणाला कळलं नाही. त्याची गाठ मी खाली घेतली. दर वर्षी तीन बोटं. तुमच्यासाठी घेतली. तुम्ही जसे पडलात तसा तो पडावा म्हणून. गादी नाही, ओल नाही, विडी नाही. मी. त्याची कंबर मी काढली."

नवऱ्यानं हात पुढे केला आणि तिच्या मुठीतली सुतळी घेतली. चुरगळलेल्या जागेवर त्याचा अंगठा फिरला, तिथून तो खालच्या गाठीपर्यंत आला, पुन्हा वर गेला. पुन्हा खाली.

"दवाखान्यात ते चित्र बघितलं तेव्हा वाटलं होतं मला," तो म्हणाला. "पण म्हटलं, नाही. तू असं नाही करणार."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं."

बाहेर टेकवलेल्या अठरा दांड्यांपैकी एक घसरला आणि जमिनीवर वाजला. दोघंही हलले नाहीत.

"तो खोटं बोलला," नवरा म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी. वखारवाल्यासमोर..."

"तिथे नाही. आत्ता. बाहेर, तुझ्यासमोर." सुतळी त्याच्या बोटांभोवती इतकी आवळली होती, की टोकं पांढरी पडली होती. त्यानं भिंतीकडे तोंड वळवायला सुरुवात केली आणि मग, बऱ्याच कष्टानं, खांदा परत फिरवून तिच्याकडे केलं. "ढिगापर्यंत चार पावलं राहिली होती. खांदा भरून आला होता, मला वाटलं, पोचलो. सोड मीच म्हटलं, गं. त्यानं सोडलं. मला नाही सोडता आलं."